सुताची मजुरी आणि डॉलरची किंमत

'अमेरिकेत महिन्याला चार हजार डॉलर पगार, म्हणजे किती रुपये?' असा प्रश्न वर्गात निघाला की मुले चटकन गुणाकार करतात आणि उत्तराने दिपून जातात. मग एखादी मुलगी विचारते, 'पण तिथे केस कापायला किती पडतात?' हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आधी वर्ध्याजवळच्या नालवाडीला जाऊ या.

१९३५ साली विनोबा भावे नालवाडीत राहत होते. त्या काळी खेड्यापाड्यांतल्या स्त्रिया चरख्यावर सूत कातत आणि चरखा संघ ते विकत घेई. दिवसभर कातूनही हाती थोडेसे आणेच पडत. एवढ्यात माणूस जगू शकतो का? विनोबांनी याचे उत्तर कागदावर शोधले नाही. ते स्वतः रोज आठ तास सूत कातू लागले आणि त्या मजुरीत आपले जेवणखाण भागवण्याचा प्रयोग त्यांनी केला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अखिल भारत चरखा संघाची बैठक वर्ध्याला झाली. कातणाऱ्यांना मिळणारी मजुरी अपुरी आहे, असे संघाने तिथे ठरावाने मान्य केले. आठ तासांच्या चांगल्या कामाची मजुरी निदान एवढी असावी, की तीत शास्त्रीय मापाने ठरवलेला किमान आहार आणि वर्षाला वीस वार कापड मिळावे, असे ठरले. या ठरावाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. आधी गरजेच्या वस्तू ठरल्या. पैशाचा आकडा त्यांवरून काढायचा होता.

मजुरी वाढली तशी खादी महागली. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. पण तोवरची खादी स्वस्त होती, ती कातणारीच्या पोटाला चिमटा बसत होता म्हणून.

हाच हिशेब देशादेशांना लावला तर काय दिसते? १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघ आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी निरनिराळ्या देशांतल्या किमतींची तुलना करण्याचे काम हाती घेतले. १९७० सालासाठी जे पहिले दहा देश निवडले, त्यांत भारत होता. रीत तीच : वस्तू आणि सेवांची एक टोपली घ्यायची आणि ती कुठे किती पैशांत भरते ते पाहायचे. २०१७ च्या अशा पाहणीत अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या मालासाठी भारतात सरासरी २०.६५ रुपये पुरत होते. चलनबाजारात मात्र डॉलरचा दर ६५.१२ रुपये होता. म्हणजे मुलांचा गुणाकार अमेरिकेतला पगार तिपटीहून अधिक फुगवून दाखवत होता!

जागतिक बँकेची दारिद्र्यरेषाही अशाच डॉलरांत मोजतात. जून २०२५ पासून ती माणशी दिवसाला तीन डॉलर आहे. पण त्याचे रुपये चलनबाजाराच्या दराने करायचे नसतात.

हा फरक का पडतो? पेट्रोल, सोने, मोबाइल यांचा व्यापार जगभर चालतो, म्हणून कर वगळता त्यांच्या किमतींत फार अंतर राहत नाही. केस कापणे मात्र जहाजात भरून पाठवता येत नाही. कात्रीला दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो. पण श्रीमंत देशात यंत्रांमुळे कारखान्यातला कामगार तासाला पुष्कळ अधिक माल काढतो आणि त्याची मजुरी चढते. केस कापणाऱ्यालाही त्या मानाने पैसे द्यावे लागतात, नाहीतर तो धंदाच सोडील. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली हे कारण मांडले.

तेव्हा 'आपल्याकडे किती स्वस्त!' असे म्हणताना जरा थांबावे. केस कापणे, धुणीभांडी, हमाली आपल्याकडे स्वस्त आहे, कारण ती करणाऱ्याची मिळकत कमी आहे. त्यालाही मोबाइल आणि पेट्रोल जवळजवळ जगाच्याच भावाने घ्यावे लागते.

वर्गात एक उपक्रम करून पाहा. तांदूळ, डाळ, दूध, वही, बसचे तिकीट आणि मोबाइल यांच्या स्थानिक किमती मुलांना लिहून आणू द्या. मग शेतमजुराची आठ तासांची मजुरी विचारून, प्रत्येक वस्तूसाठी त्याला किती तास राबावे लागते ते काढा. परदेशात कुणाचे नातेवाईक असतील तर तिथल्या मजुराचाही असाच तक्ता मागवा. दोन्ही तक्ते रुपयांत किंवा डॉलरांत नसून तासांत असल्यामुळे मुलांना ते थेट शेजारी ठेवता येतील.