महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरी व्यवसाय

महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरी व्यवसाय हा महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यात स्ट्रॉबेरीची लागवड, प्रक्रिया व विक्री यांवर उभा असलेला कृषिव्यवसाय आहे. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार आणि आसपासची गावे हे भारतातील स्ट्रॉबेरीचे प्रमुख उत्पादनक्षेत्र मानले जाते. २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. खरेदी, उत्पादन, वित्त, मनुष्यबळ व विपणन ही व्यवसायाची प्रमुख कार्ये मोठ्या कंपनीत एकाच व्यवस्थापनाखाली चालतात. महाबळेश्वरात मात्र ती शेतकरी, रोपवाटिकाधारक, सहकारी संस्था, व्यापारी आणि प्रक्रिया उद्योग यांच्यात विभागलेली आहेत. फळ नाशवंत असल्यामुळे या कार्यांमधील ताळमेळावर संपूर्ण व्यवसाय अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मीटर उंचीवर आहे. मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८-२९च्या सुमारास, येथे थंड हवेचे ठिकाण वसवण्यात आले. स्ट्रॉबेरीची लागवड ब्रिटिश काळात येथे आली. थंड हिवाळा आणि निचरा होणारी तांबडी माती या पिकाला मानवली.

१९५९ साली किशोर व्होरा यांनी पाचगणीत मॅप्रो हा फळप्रक्रिया उद्योग सुरू केला. प्रक्रियेमुळे ताज्या फळांच्या विक्रीला जॅम, सरबत व क्रश यांच्या बाजारपेठेची जोड मिळाली. भिलार हे गावही स्ट्रॉबेरी उत्पादनासाठी ओळखले जाते. २०१७ साली राज्य शासनाने येथेच ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू केला.

व्यवसायकार्यांची संकल्पना

फ्रेंच खाण अभियंता व व्यवस्थापनतज्ज्ञ आंरी फेयॉल यांनी १९१६ साली उद्योगातील कामांचे तांत्रिक, व्यापारी, वित्तीय, सुरक्षाविषयक, लेखाविषयक व व्यवस्थापकीय असे सहा गट मांडले. मायकेल पोर्टर यांनी १९८५ साली ‘मूल्यसाखळी’ ही संकल्पना मांडली. कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर वस्तूच्या मूल्यात भर पडते आणि या टप्प्यांमधील दुवे टप्प्यांइतकेच महत्त्वाचे असतात, असे या संकल्पनेचे सार आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत हे दुवे ठळकपणे दिसतात.

प्रमुख कार्ये

खरेदी व पुरवठा: स्ट्रॉबेरीची मातृरोपे परदेशातून, प्रामुख्याने अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून, आयात केली जातात. महाबळेश्वरात पावसाळ्यात अतिवृष्टी होत असल्याने त्यांपासून रोपे तयार करण्याचे काम तुलनेने कमी पावसाच्या वाई परिसरातील रोपवाटिकांत केले जाते. मल्चिंग पेपर, ठिबक सिंचनाचे साहित्य, विद्राव्य खते आणि वेष्टनाचे खोके यांचीही तजवीज हंगामापूर्वी करावी लागते.

उत्पादन: पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यांवर लागवड होते. वाफ्यांवर प्लास्टिकचे आच्छादन अंथरल्याने तण आटोक्यात राहते व फळ मातीला टेकत नाही. साधारण दोन महिन्यांनी फळे येऊ लागतात आणि तोडणी उन्हाळ्यापर्यंत सुरू राहते.

मनुष्यबळ: पिकलेले फळ झाडावर फार काळ ठेवता येत नाही. तोडणी हाताने, देठासह आणि शक्यतो सकाळच्या गारव्यात केली जाते. त्यानंतर आकार, रंग व टणकपणा पाहून प्रतवारी होते. भर हंगामात मजूर न मिळाल्यास तयार माल शेतातच वाया जातो.

वित्त: रोपे, मशागत, आच्छादन व मजुरी यांवरील बहुतेक खर्च हंगामाच्या आधी किंवा आरंभी होतो, तर उत्पन्न हिवाळ्यापासून टप्प्याटप्प्याने मिळते. ही दरी पीककर्जाने भरून काढली जाते. गावपातळीवरील विकास सेवा सोसायट्या व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही त्याची परंपरागत वाट आहे. राज्यातील हवामानाधारित फळपीक विमा योजनेतही स्ट्रॉबेरीचा समावेश करण्यात आला आहे.

विपणन व वितरण: फळांची विक्री तीन मार्गांनी होते. पहिला मार्ग पर्यटकांना थेट विक्रीचा, दुसरा मुंबई, पुणे व अन्य शहरांच्या बाजारपेठांचा आणि तिसरा प्रक्रिया उद्योगांचा. भौगोलिक मानांकनामुळे अन्य प्रदेशातील मालाला ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ हे नाव लावण्यास कायदेशीर आडकाठी निर्माण झाली.

प्रक्रिया व गुणवत्ता: ताज्या विक्रीस न चालणारी, पण निरोगी फळे गोठवली जातात किंवा त्यांचा गर काढला जातो. त्यामुळे काही महिन्यांत येणारा माल वर्षभर वापरता येतो. प्रक्रिया उद्योगांना अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो.

कार्यांमधील समन्वय

वाणाची निवड हे या समन्वयाचे ठळक उदाहरण आहे. स्वीट चार्ली हे वाण लवकर फळणारे व गोड असले, तरी त्याचे फळ तुलनेने नरम असते. कॅमारोसाचे फळ टणक असल्याने ते वाहतुकीत अधिक टिकते. त्यामुळे शेताच्या बांधावर पर्यटकांना विकणाऱ्या शेतकऱ्याची आणि दूरच्या बाजारपेठेत माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याची निवड वेगळी असू शकते. म्हणजेच उत्पादनाचा निर्णय विपणनाच्या अंदाजावर ठरतो. मातृरोपांची मागणी बरीच आधी नोंदवावी लागत असल्याने हा अंदाज फळ बाजारात येण्याच्या कित्येक महिने आधीच बांधावा लागतो आणि त्यासाठी लागणारे भांडवलही तेव्हाच उभे करावे लागते.

हंगाम सुरू झाल्यावर समन्वयाचा कालावधी महिन्यांवरून तासांवर येतो. सकाळी तोडलेला माल त्याच दिवशी प्रतवारी करून, खोक्यांत भरून रवाना करावा लागतो. सामान्य तापमानात फळ एक-दोन दिवसांतच खराब होऊ लागते. शून्य अंशाच्या जवळपास थंड ठेवल्यास ते काही दिवस टिकते. म्हणून तोडणी, वेष्टन, शीतकरण व वाहतूक यांपैकी एकाला झालेला उशीर पुढील सर्व टप्प्यांच्या वाट्याला येतो.

आवक वाढून ताज्या फळांचे दर उतरतात, तेव्हा प्रक्रिया उद्योग अतिरिक्त माल सामावून घेतात. प्रक्रियेसाठी मिळणारा दर सहसा ताज्या फळापेक्षा कमी असला, तरी हा पर्याय नसल्यास माल टाकून देण्याची वेळ येते. एकेकट्या शेतकऱ्याला पेलण्याजोगी नसलेली एकत्रित खरेदी, साठवण व दरनिश्चिती यांसारखी कामे सहकारी संस्था करू शकतात. कंपनीतील मध्यवर्ती व्यवस्थापनाची जागा येथे अंशतः सहकार व परस्परांतील व्यवहार घेतात.

जोखीम व मर्यादा

कार्ये विभागलेली असल्याने जोखीमही विभागली जाते, परंतु ती समान वाटली जात नाही. अवकाळी पाऊस, तसेच वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठण्याइतकी पडणारी थंडी यांचा पहिला फटका शेतकऱ्याला बसतो. मार्च २०२० मध्ये कोविड-१९मुळे देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरूच होता. पर्यटन थांबले आणि शहरांकडे होणारी वाहतूक विस्कळीत झाली. शेतात फळ तयार असूनही ते विकता येईना, म्हणून सातारा जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी ते जनावरांना खाऊ घातले. उत्पादन उत्तम असतानाही वितरण खंडित झाल्यास संपूर्ण व्यवसाय कसा ठप्प होतो, हे या प्रसंगातून दिसून आले.

जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्यात आला. त्यामुळे बांधकाम व उद्योगांवर निर्बंध आहेत. शीतगृहे व प्रक्रिया केंद्रे उभारताना त्यांचे पालन करावे लागते. दुसरीकडे, शेती व पर्यटन या दोहोंचा आधार असलेले हवामान, वने व जलस्रोत टिकवण्याच्या दृष्टीने हेच निर्बंध महत्त्वाचे आहेत.