बेसच्या पोटातली नऊ व्होल्टची बॅटरी

किहीमच्या किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत, कुलाब्याला होती. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर धावणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. इमारतीत लोखंड नको म्हणून दगड पोरबंदरहून आणला.

बेस गिटारचं पिकअप असंच हळवं असतं. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकक्षेत्र किंचित हलतं आणि वेढ्यांत जेमतेम वीज उमटते. फक्त बेसवाल्याला विजेपासून पळून अलिबाग गाठता येत नाही. किहीमला एखाद्या रिसॉर्टच्या हिरवळीवर वाजवायचं, तर जनरेटर आणि दिव्यांच्या माळा शेजारीच असणार. त्यात आपल्या विजेचा हम 50 हर्ट्झचा आणि बेसची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झची. म्हणजे हम ऐन बेसच्या मुलखातच घुसतो.

लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हा त्यात बॅटरी नव्हती. पिकअप, व्हॉल्यूमचा नॉब, टोनचा नॉब, संपलं. टोनचा नॉब आवाजातली धार कमी करू शके, वाढवू शकत नसे. पुढे लांब केबल, आणि केबल स्वतःच एक कपॅसिटर असल्याने उरलेली धारही थोडी वाटेतच गळायची. कमजोर सिग्नल वाटेत झिजू न देता पलीकडे पोहोचवायचा कसा, या अडचणीतून बेसमधला प्रीअँप, म्हणजे सिग्नल आधीच सावरून पुढे धाडणारं सर्किट, जन्माला आला. मोठ्या आवाजाची हाव नंतरची.

1960च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात रॉन विकरशॅम या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने हे सर्किट थेट वाद्यातच बसवलं. ग्रेटफुल डेडचा फिल लेश आणि जेफरसन एअरप्लेनचा जॅक कॅसडी यांचे गिल्ड कंपनीचे बेस त्याच्या ‘अलेम्बिक’ कंपनीने उघडून नव्याने घडवले. कॅसडीसाठी 1972 मध्ये तयार झालेला बेस हा अलेम्बिकचा पहिला स्वतःचा बेस. पण ही श्रीमंती कलावंतांची चैन होती. ती दुकानात आली 1976 मध्ये, म्युझिक मॅनच्या स्टिंगरे बेसमुळे. त्यातही लिओ फेंडर होताच. प्रीअँप टॉम वॉकरचा. या बेसच्या पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते आणि जॅक खुपसला की ती सुरू होते. वाजवून झाल्यावर केबल तशीच राहिली, की बॅटरी रात्रभरात उतरू लागते.

बेसच्या बाहेर, पायाशी ठेवायच्या पेडलचं घराणं वेगळं. न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजला गिटारचा सूर लांबवणारं यंत्र हवं होतं. बॉब मायर या इंजिनियरने त्यासाठी सिग्नल आधी वाढवून घ्यायला एका ट्रान्झिस्टरची डबी जोडली. मॅथ्यूजला मुख्य यंत्रापेक्षा ही डबीच आवडली आणि तिने ‘एलपीबी-1’ या नावाने बाजार गाजवला. पुढे न्यूयॉर्कच्याच टेक 21 कंपनीच्या अँड्र्यू बार्टाने ‘सॅन्सअँप’मध्ये व्हॉल्व्हच्या अँपचा गुण डबीत उतरवला. त्याच्या बेससाठीच्या पेडलमधून केबल थेट मिक्सरला जाते. मुंबईहून मांडव्याला येणाऱ्या बोटीतून भलंमोठं बेस कॅबिनेट आणायची हौस कोणाला असणार? किहीमला येणाऱ्या वादकाच्या सॅकमध्ये अशी एक डबी असली की पुष्कळ झालं.

मग साउंडवाला म्हणतो, बेस कमी येतोय. वादक वाकून बेसचा नॉब पूर्ण फिरवतो. तिथे गणित आड येतं: 12 डेसिबलची वाढ म्हणजे सुमारे सोळापट शक्ती. 50 वॅटवर सुखाने चाललेल्या अँपकडे त्या खालच्या पट्टीत आपण 800 वॅट मागत असतो. भाड्याच्या स्पीकरचा कोन नुसता फडफडतो आणि सूर होता त्याहून गढूळ होतो. खरं तर बेसचा नॉब थोडा मागे घेऊन 200 ते 400 हर्ट्झचा पट्टा किंचित उचलावा. खालच्या सुराचे उपस्वर तिथे असतात, आणि ते नीट कानावर पडले की मूळ सूर क्षीण असला तरी कान तो स्वतःच भरून घेतो.