कामगार-हक्क, ग्वाल्हेरमधील
गिरणी बंद पडल्यावर कामगाराच्या पदरी काय पडते, या प्रश्नाशी ग्वाल्हेरचा कामगार-इतिहास जोडलेला आहे. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, 1921 मध्ये, बिर्लांनी येथे जियाजीराव कापड गिरणी (जे. सी. मिल) काढली. तिच्याभोवती बिर्लानगर वसले. 1990च्या दशकात गिरणी बंद झाली.

औद्योगिक विवाद कायदा, 1947 नुसार वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळे. कंपनी कायद्यात 1985 साली घातलेल्या कलम 529-अ ने अवसायनात (कंपनी गुंडाळून तिच्या मालमत्तेतून देणी फेडताना) कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीला आणली. कागदावर ही तरतूद भक्कम. पण गिरणीच्या जमिनीच्या विक्रीवाचून ती फळत नाही. जे. सी. मिलच्या कामगारांची देणी तीन दशके रखडली, अनेकजण वाट पाहतच गेले. हे या व्यवस्थेचे गंभीर अपयश होय.

तुलनेसाठी, अमेरिकेच्या 1988च्या संघीय कायद्यात मोठ्या कपातीआधी 60 दिवसांची सूचना सक्तीची आहे, सेवावर्षांनुसार भरपाई मात्र नाही. भारतात 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली; कारखाना बंद करण्यास सरकारी परवानगीची अट 100 ऐवजी 300 कामगारांपासून सुरू होते.