बंब, गीझर आणि घरखर्च

१

मराठी घरात स्नानाचे पाणी तापविण्याच्या साधनांना जी दोन नावे सर्वाधिक रूढ झाली, ती दोन्ही परभाषांतून आलेली आहेत. आणि दोहोंच्याही मूळ अर्थाचा तापविण्याशी संबंध नाही. ‘बंब’ हा शब्द सामान्यतः पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दापासून आला असे मानतात. त्याचा अर्थ पाणी उपसून फेकणारे यंत्र. म्हणूनच आग विझविणारा बंब आणि आग पोटात बाळगणारा बंब ही दोन विरुद्ध कामांची साधने मराठीत एकाच नावाने ओळखली जातात. ‘गीझर’ हा शब्द इंग्रजीमार्गे आला असला तरी तो मूळचा आइसलंडमधील आहे. तेथील हौकादालुर खोऱ्यातील एका उसळत्या उन्हाळ्याचे ‘गेसिर’ हे विशेषनाम असून ‘उसळणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून ते बनले आहे.

नावांचा हा इतिहास मनोरंजक आहे. परंतु ज्या घरांनी ही साधने घेतली, वापरली, मोडीत काढली आणि बदलली, त्या घरांच्या जमाखर्चाचा इतिहास अधिक महत्त्वाचा आहे. पाणी तापविण्याच्या कोणत्याही साधनाचा खर्च तीन प्रकारचा असतो : साधन घेताना एकदा द्यावयाची किंमत, रोजचे जळण किंवा वीज, आणि रोजचे श्रम. यांपैकी पहिले दोन खर्च घराच्या वहीत उतरतात. तिसरा बहुधा उतरत नाही. साधन बदलले म्हणजे खर्च नाहीसा होतो असे नव्हे. बहुतेक वेळा तो एका सदरातून दुसऱ्या सदरात जातो. हे सूत्र ध्यानात ठेवून पाणचुलीपासून सौरतापकापर्यंतच्या बदलांकडे पाहिल्यास ‘परवडणे’ या साध्या शब्दाचा अर्थ वेळोवेळी कसा बदलत गेला हे स्पष्ट होते.

२

बंब येण्यापूर्वी, आणि खेड्यांतून त्यानंतरही दीर्घकाळ, पाणी तापविण्याचे साधन म्हणजे चूल. सोय असेल त्या घरात न्हाणीजवळ वेगळी पाणचूल असे. नसेल तेथे स्वयंपाकाच्या चुलीच्या वैलावर हंडा किंवा तपेले चढविलेले असे. वैलाची योजना ही काटकसरीचीच होती, कारण मुख्य चुलीतून वाया जाणारी आच तेथे उपयोगात येई. गोव्यात आणि दक्षिण कोकणात स्नानाचे पाणी तापविण्याच्या तांब्याच्या भांड्याला ‘भाण’ म्हणतात. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी ते घासून, पाण्याने भरून सजविण्याची चाल आहे. पोर्तुगीज शब्द देशावर रूढ व्हावा आणि ज्या प्रदेशात पोर्तुगीजांचे राज्य होते तेथील घरात देशी शब्द टिकावा, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

या पद्धतीत साधनाची किंमत जवळजवळ शून्य. माती घरची, भांडे लग्नात आलेले. परंतु जळण मोठे लागे. चार माणसांच्या स्नानासाठी साठ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवावयाचे झाल्यास सुमारे ३,८०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबाने एक युनिटहून किंचित अधिक उष्णता पुरते. उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते. म्हणून तेवढ्याच कामासाठी सुमारे दोन किलो वाळलेले लाकूड जाळावे लागते. वर्षाचा हिशेब सातशे किलोंच्या पुढे जातो. ही लाकडे विकत न घेता वेचून आणली, तर वहीत खर्च शून्य दिसे. प्रत्यक्षात तो डोक्यावरच्या मोळीच्या रूपाने घरातील स्त्रिया देत असत.

३

बंबाने या व्यवस्थेत खरी सुधारणा केली. तांब्याचे उभे नळकांडे, त्याच्या मधोमध वरपर्यंत जाणारी धुराची नळी, खाली जाळी आणि राख पडण्याची जागा, बाजूला तोटी अशी त्याची रचना असते. रशियातील सामोवाराचे तत्त्व हेच. चुलीत आच भांड्याला बाहेरून लागते आणि बरीचशी बाजूने निघून जाते. बंबात आगीच्या भोवती सर्व बाजूंनी पाणी असल्यामुळे तीच आच अधिक काळ पाण्याच्या सहवासात राहते. शिवाय त्याला निवडक जळण लागत नाही. ढलप्या, गोवऱ्या, करवंट्या, नारळाची सोडणे, जुन्या पेटीच्या फळ्या असे काहीही चालते. निरुपयोगी वस्तूविषयी ‘बंबात घाला’ असे म्हणण्याचा प्रघात याच सर्वभक्षकपणातून पडला.

बंबाची किंमत मात्र पूर्वीच्या मानाने मोठी होती. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या ठिकाणी ठोकून घडविलेला बंब ही मध्यम स्थितीतील घराची विचारपूर्वक केलेली खरेदी असे. ती परवडण्याचे एक कारण हिशेबात सहसा सांगितले जात नाही : बंबाला मोड होती. तळ झिजला तर डाग देता येई, तोटी बदलता येई. आणि अगदीच निकामी झाला तरी तांब्याचे वजन करून त्याचे पैसे नव्या बंबाच्या किमतीतून वजा होत. म्हणजे साधन बदलताना घराला मुख्यतः घडणावळ आणि झिजलेल्या धातूचा फरक द्यावा लागे. खरेदीत गुंतलेली रक्कम बुडत नसे, ती भिंतीशी उभी असे.

बंबाची अडचण धुराची आणि जागेची. वाड्याच्या परसात किंवा मोकळ्या न्हाणीत जे सहज चाले ते मुंबईच्या चाळीतील एका खोलीत चालणे कठीण होते. तेथे पाण्याचे पातेले रॉकेलच्या स्टोव्हवर चढे. दाबाने रॉकेलची वाफ करून जाळणारा प्रायमस स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ मध्ये तयार झाला. त्याने धूर कमी केला, पण त्याबरोबर जळणाचा प्रत्येक थेंब पैसे देऊन घेण्याची पाळी आणली. येथून पुढे पाणी तापविणे हा पूर्णपणे वहीतला खर्च होऊ लागला.

४

‘गीझर’ हे नाव घरगुती उपकरणाला प्रथम मिळाले ते लंडनमध्ये. बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने १८६८ मध्ये वाहते पाणी वायूच्या ज्योतीने तत्काळ तापविणाऱ्या साधनाचे एकस्व घेतले आणि त्याला हे नाव दिले. त्याच्या साधनाला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. त्यामुळे बंद स्नानगृहात ते धोक्याचे होते. पुढे नॉर्वेतून अमेरिकेत गेलेला अभियंता एडविन रूड याने १८८९ च्या सुमारास पाणी साठवून आपोआप तापविणारे साधन सिद्ध केले. वाहते पाणी क्षणात तापविणे आणि साठविलेले पाणी तापवून ठेवणे, हे आजच्या बाजारातील दोन मुख्य प्रकार त्याच काळी वेगळे झाले होते.

मुंबईत विजेचा पुरवठा करणारी ट्राम कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली आणि टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये वीज मिळू लागली. बाटलीतील गॅस घरोघर देण्याचा आरंभ मुंबईत १९५५ मध्ये झाला. तथापि इंधनाची सोय झाली म्हणजे साधन घरात आले असे नव्हे. सामान्य घरात विजेने प्रथम प्रवेश केला तो गीझरच्या रूपाने नव्हे, तर बादलीत सोडावयाच्या कांडीच्या रूपाने. तिची किंमत थोडी, बसविण्याचा खर्च नाही, आणि तिची उष्णता थेट पाण्यात उतरत असल्यामुळे नासाडीही अल्प. तिचा दोष सुरक्षिततेचा आहे. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करण्याची शिस्त एकदा चुकली तरी जीव जातो. येथे स्वस्ताईची भरपाई सावधपणाने, म्हणजे पुन्हा न दिसणाऱ्या श्रमानेच करावी लागते.

५

आज जुने साधन बदलू पाहणाऱ्या मर्यादित उत्पन्नाच्या घरापुढे चार पर्याय आहेत : साठवणीचा विजेचा गीझर, तत्काळ तापविणारा विजेचा गीझर, गॅसचा गीझर आणि सौरतापक. त्यांची तुलना वरील तीन सदरांनुसारच करणे इष्ट होय.

पहिला प्रश्न बदलण्याची आवश्यकता आहे काय हा. साठवणीच्या गीझरचा तापक किंवा तापनियंत्रक बिघडल्यास तो थोडक्या खर्चात बदलता येतो. विंधनविहिरीचे जड पाणी असेल तेथे तापकावर क्षारांचा थर बसतो. तो काढल्यास साधन पुन्हा नीट चालते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीचा गंज थोपविते. ती वेळेवर बदलली तर टाकीचे आयुष्य वाढते. टाकीच फुटून गळू लागली म्हणजे मात्र दुरुस्तीचा विचार सोडावा. तांब्याच्या टाकीला आजही बंबासारखी मोड आहे. काचलेपाच्या पोलादी टाकीला ती जवळजवळ नाही.

दुसरा प्रश्न ताऱ्यांचा. ऊर्जा कार्यक्षमता विभागाच्या पट्टीवर साठवणीच्या गीझरला मिळणारे तारे हे पाणी किती चटकन तापते याचे माप नाही. तापलेले पाणी साठून राहताना किती उष्णता गमावते याचे ते माप आहे. म्हणून दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात अधिक ताऱ्यांची किंमत वसूल होते. स्नानापूर्वी वीस मिनिटे लावून बंद करणाऱ्या घरात ती फारशी होत नाही. पंधरा लिटर पाणी ३० अंशांनी तापविण्यास सुमारे अर्धा युनिट लागते, आणि दोन किलोवॉटचा तापक ते काम पाव तासाहून थोड्या अधिक वेळात करतो. चार माणसांच्या रोजच्या स्नानाला १.१ युनिट आणि युनिटला आठ रुपये दर धरल्यास वर्षाचा खर्च ३,२०० रुपयांच्या आसपास येतो. साधन दहा वर्षे टिकले तर विजेची रक्कम खरेदीच्या किमतीच्या कितीतरी पट होते. दुकानात केलेली घासाघीस त्यापुढे अल्प ठरते.

गॅसच्या गीझरला त्याच कामासाठी सुमारे शंभर ग्रॅम गॅस पुरतो. खर्चाच्या दृष्टीने तो अनेकदा सरस ठरतो. परंतु मॉनच्या साधनातील दोष येथे तसाच उभा राहतो. हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही; स्नान करणाऱ्याला काही कळण्यापूर्वीच शुद्ध जाते. असे साधन न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावे. ती सोय नसेल तर कितीही स्वस्त असले तरी ते घेऊ नये. सौरतापकाची खरेदी सर्वांत महाग आणि रोजचा खर्च सर्वांत कमी. पुणे महानगरपालिकेने मिळकतकरात सवलत देऊन पहिला भार थोडा हलका केला. तथापि छतावर हक्क नसलेल्या भाडेकरूला त्या सवलतीचा उपयोग नाही, आणि पावसाळ्यात दुसरे साधन लागतेच.

६

या स्थित्यंतराची एक खूण भाषेत राहिली आहे. बंब भरावा लागे, पेटवावा लागे, फुंकावा लागे. जळण सारावे लागे, राख काढावी लागे. मग पाणी काढून त्यात विसण घालावे लागे. गीझरला दोनच क्रियापदे पुरतात : लावणे आणि बंद करणे. ‘विसण’ हा शब्द तर नव्या पिढीच्या कानावरून जवळजवळ गेला आहे, कारण ते काम आता नळच करतो. क्रियापदांची ही गळती म्हणजेच श्रमांची गळती होय.

परंतु जुन्या घरातील नित्याचा प्रश्न ‘पाणी तापले का?’ असा असे. वाक्यात कर्ता पाणी. ते तापविणारी, पहाटे सर्वांच्या आधी उठून धुरात बसणारी व्यक्ती त्या वाक्यात नाही, आणि वहीतही नाही. म्हणूनच बंब स्वस्त होता आणि गीझर ही चैन होती, हे विधान अपुरे आहे. बंब ज्यांच्या वहीत स्वस्त होता त्यांनी तो पेटविलेला नव्हता. मर्यादित उत्पन्नाच्या घरात साधनाची निवड करताना किमतीचे आणि बिलाचे आकडे मांडलेच पाहिजेत. त्यांच्या शेजारी तिसरे सदर मांडल्यावाचून तो हिशेब पुरा होत नाही.