अवकाश-खेळांतील शोध रंजक कसा होईल? खोडदच्या दुर्बिणीचा धडा

संगणकावरील अवकाश-सफरीच्या खेळांत खेळाडू स्वतःचे यान घेऊन ताऱ्यांमधून फिरतो, व्यापार करतो, लढतो आणि अज्ञात ग्रहांचा शोध घेतो. यांपैकी शोध हा भाग सर्वांत आकर्षक असायला हवा. प्रत्यक्षात तोच लवकर कंटाळवाणा होतो, अशी या खेळांच्या चाहत्यांची जुनी तक्रार आहे. या तक्रारीचे उत्तर जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजेच 'जीएमआरटी'च्या कार्यपद्धतीत सापडू शकते.

विस्तार आहे, नवल नाही

डेव्हिड ब्रॅबेन आणि इयान बेल यांनी १९८४ मध्ये तयार केलेल्या 'एलिट' या खेळात ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला होत्या. त्या काळच्या संगणकाची स्मृती अत्यल्प असल्याने ही सर्व माहिती साठवून न ठेवता गणिती सूत्रातून निर्माण केली जात असे. हेच तंत्र पुढे विस्तारले. २०१४ च्या 'एलिट डेंजरस'मध्ये आपल्या आकाशगंगेची सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची प्रतिकृती आहे, तर २०१६ च्या 'नो मॅन्स स्काय'मधील ग्रहांची संख्या १८ वर १८ शून्ये इतकी प्रचंड आहे. मात्र सूत्र एकच असल्याने काही तासांनंतर प्रत्येक ग्रह आधीच्या ग्रहासारखा भासू लागतो. संख्या वाढल्याने कुतूहल वाढत नाही, हा यातील मुख्य धडा होय.

आधी खूण, मग उत्तर

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या जीएमआरटीमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात असून उर्वरित १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरलेल्या आहेत. ही दुर्बीण कॅमेऱ्याप्रमाणे छायाचित्र टिपत नाही. अँटेनांच्या ४३५ जोड्यांकडून आलेले संकेत एकमेकांशी ताडून आकाशाचे चित्र गणिताने उभे करावे लागते. खगोलशास्त्रज्ञाला प्रथम मिळते ती केवळ खूण. तिचा अर्थ त्याला लावावा लागतो.

अनेक खेळांत नेमके उलट घडते. कळ दाबताच ग्रहाचे नाव, वजन व किंमत पडद्यावर येते आणि खेळाडूला विचार करण्यास काही उरत नाही. 'एलिट डेंजरस'ने डिसेंबर २०१८ मध्ये यात सुधारणा केली. ग्रहमालेतील वस्तू ओळखण्यासाठी खेळाडूने रेडिओप्रमाणे वारंवारता जुळवावी, अशी सोय त्यात आली. याच दिशेने आणखी पुढे जाता येईल. स्पंदक ताऱ्याच्या ठोक्यातील कमी वारंवारतेच्या लहरी वाटेतील विद्युतभारित वायूमुळे पृथ्वीवर उशिरा पोहोचतात. या विलंबावरून शास्त्रज्ञ ताऱ्याच्या अंतराचा अंदाज बांधतात. असे गणित खेळाडूच्या हाती दिले तर अंतर ही तयार माहिती न राहता त्याची स्वतःची कमाई ठरेल.

शांततेची किंमत

दुर्बिणीसाठी खोडदची निवड झाली, त्यामागे पुण्याशी असलेली जवळीक, आडोशाला असलेले डोंगर आणि परिसरातील अत्यल्प रेडिओ-गोंगाट ही कारणे होती. ही शांतता टिकविण्यासाठी परिसरातील उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक रेल्वेची मंचर, नारायणगावमार्गे नियोजित आखणीही याच कारणाने अडचणीत आली आणि २०२४-२५ मध्ये मार्ग बदलण्याचा विषय पुढे आला. त्यामुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत नाराजी आहे. विश्वाचा कानोसा घेणारी दुर्बीण हवी आणि रोजगार व बाजारपेठ जोडणारी रेल्वेही हवी, ही स्थानिकांची भूमिका अवाजवी म्हणता येणार नाही.

खेळांच्या रचनाकारांनी या पेचाची नोंद घेण्यासारखी आहे. शोधाला किंमत नसेल तर त्याला वजनही येत नाही. वसाहत वाढवली की तिच्या गोंगाटात दूरचे क्षीण संकेत बुडतील आणि शांतता राखली तर व्यापार मंदावेल, अशी निवड खेळाडूपुढे ठेवल्यास शोधमोहीम हा निव्वळ फेरफटका राहणार नाही.

शोध एकट्याचा नसतो

जीएमआरटीच्या निरीक्षणांतून २०२३ मध्ये एका अतिदूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत मिळाल्याचे जाहीर झाले. २१ सेंटिमीटर लांबीची मूळ लहर ८.८ अब्ज वर्षांच्या प्रवासात ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झाली होती. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाप्रमाणे काम केल्यानेच हा क्षीण संकेत टिपता आला. त्याच वर्षी गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे युरोपीय शास्त्रज्ञांसह मांडणाऱ्या भारतीय गटानेही येथील निरीक्षणे वापरली. त्यासाठी अनेक वर्षे स्पंदकांच्या ठोक्यांची मोजणी करावी लागली.

सामान्य नागरिकही यात मागे नाहीत. डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'रॅड ॲट होम' उपक्रमात प्रशिक्षित हौशी अभ्यासक जीएमआरटीच्या प्रतिमांमध्ये आगळ्या दीर्घिका शोधतात. खेळांतही असा प्रयोग झाला आहे. आइसलँडच्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये २०१६ पासून खेळाडूंना प्रथिनांच्या खऱ्या सूक्ष्मचित्रांचे वर्गीकरण करता आले. २०१७ मध्ये परग्रहांच्या शोधासाठी ताऱ्यांच्या प्रकाशाच्या नोंदी तपासण्याचे काम त्यांना मिळाले आणि मोबदला म्हणून खेळातील चलन देण्यात आले.

अवकाश-खेळांना यापुढे आणखी कोट्यवधी ग्रहांची गरज नाही. मोजके पण अर्थपूर्ण संकेत, ते उलगडण्याची साधने, चुकण्याची मोकळीक आणि केलेल्या कामाचा कुणाला तरी उपयोग, एवढे लाभले तरी खेळाडू रात्र जागवील. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदच्या प्रदर्शनाला येणारी शाळकरी मुले त्या अवाढव्य अँटेनांखाली उभी राहून प्रश्नांचा भडिमार करतात, तो याच कुतूहलापोटी.