शंभर मण्यांची माळ

श्रावणात आमच्या गावच्या देवळात भजनी सप्ताह होता. माझे मामा वयाने चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण सप्ताह म्हटला की दुपारपासून चौकात बैठक मारून झांज वाजवणार. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातला. डॉक्टरांनी सांगितले, रोज चाला. पुण्याच्या लेकीने एक स्मार्टवॉच पाठवून दिले. तेव्हापासून मामा रोज दहा हजार पावलांच्या मागे लागलेले असतात.

त्या रात्री आरती झाल्यावर मामांनी मनगट माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "अरे, हांव बसूनच चललों मरे!" मांडी घालून बसलेल्या माणसाच्या खात्यावर घड्याळाने झांजेच्या ठेक्यावर पावले जमा केली होती. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे रोजचा आकडा तरी खरा कशावरून? आणि मी एक दिवस ते घड्याळ घातलं होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघर, विहीर, अंगण, परसू करते. माझी पावलं त्यानं निम्मीसुद्धा मोजली नसतील."

मामींचा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. कारण आकडा भरला म्हणून मामा अधूनमधून संध्याकाळची फेरी चुकवत, हे मला ठाऊक होते. चुकीचा आकडा निव्वळ गमतीचा राहत नाही, तो माणसाला घरी बसवतो. मग पावले मोजण्याच्या या उद्योगाचा इतिहास जरा उलगडून पाहिला. तो मोठा मजेदार निघाला.

आपण रोज वापरत होतो तो 'मैल' हा शब्दच मुळात पावलांचा आहे. रोमन सैनिकांची एक हजार दुहेरी पावले (डावे आणि उजवे मिळून एक) म्हणजे एक मैल. लॅटिन भाषेत 'मिल्ले' म्हणजे हजार. आपला कोस निराळा. तो 'क्रोश' या संस्कृत शब्दावरून आला, आणि क्रोश म्हणजे हाक. एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जाईल तेवढे अंतर. रोमनांनी पायांनी मोजले, आपण गळ्याने!

अलेक्झांडर हिंदुस्थानाच्या दिशेने निघाला तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर पावले मोजणारे खास लोक होते. ग्रीक भाषेत त्यांना 'बेमाटिस्ट' म्हणत. त्यांनी टिपलेली अंतरे पुढे प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली.

माणसाऐवजी यंत्राने पावले मोजावीत हा विचारही जुनाच. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत अंतर मोजण्याच्या यंत्रांची रेखाटने आहेत. अठराव्या शतकापर्यंत खिशात मावणारी पावले मोजणारी यंत्रे आली होती. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये वकील होते, तेव्हा १७८८ साली त्यांनी असे एक यंत्र आपले मित्र जेम्स मॅडिसन यांना पाठवले. सोबत ते कसे बांधायचे याच्या बारीक सूचना! खिशाच्या तळाला भोक पाडायचे, त्यातून फीत खाली सोडायची आणि तिचा आकडा गुडघ्यापाशी अडकवायचा. पाऊल पडले की फीत ओढली जाणार आणि काटा पुढे सरकणार.

या जेफरसनने स्वतःची पावले मोजून ठेवली होती. उन्हाळ्यात सावकाश चालताना त्याला एका मैलाला २०६६ पावले लागत आणि वर अर्धे. हिवाळ्यात झपाझप चालताना १७३५ पुरत. आता गंमत बघा. माणूस तोच, मैल तोच, पण फरक तीनशेहून अधिक पावलांचा. म्हणजे हिवाळ्यातली दहा हजार पावले उन्हाळ्यातल्या दहा हजारांपेक्षा जवळजवळ एक मैल जास्त भरली असती. पाऊल मोजणे ही एक गोष्ट आणि अंतर मोजणे ही दुसरी, हे त्या माणसाला तेव्हाच कळले होते.

यावर तोड एकच. पाऊल कायम सारखेच टाकायचे. हे अशक्य वाटणारे काम ज्याने करून दाखवले तो आपल्याच देशातला, हिमालयाच्या कुशीतल्या मिलम गावचा शाळामास्तर. त्याचे नाव नैनसिंह रावत.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या सर्वेक्षण खात्याला तिबेटचा नकाशा हवा होता. पण तिबेटची दारे परक्यांना बंद. गोऱ्या अधिकाऱ्याचा वेश लपणारा नव्हता, आणि मोजणीची साखळी किंवा चाक घेऊन जाणारा तर लगेच पकडला जाणार. तेव्हा कॅप्टन माँटगोमेरी यांनी युक्ती काढली. सीमेवरचे, तिबेटी बोलणारे लोक निवडून त्यांना शिकवायचे आणि व्यापारी किंवा यात्रेकरू म्हणून पाठवायचे. नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह यांना १८६३ साली निवडण्यात आले. डेहराडूनला त्यांना सेक्स्टंट आणि होकायंत्र वापरायला शिकवले, आणि महिनोन्महिने घोटून घेतले ते पाऊल. चढ असो, उतार असो, सपाटी असो, पाऊल तेवढ्याच लांबीचे पडले पाहिजे. साधारण दोन हजार पावलांना एक मैल.

आणि मोजायचे कशावर? तर जपमाळेवर! जपमाळेला १०८ मणी असतात हे आपण जाणतो. यांच्या माळेला १०० होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. पूर्ण माळ झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. आठ मणी कमी आहेत हे कोणाच्या लक्षात येणार? हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, त्यांवर नोंदी लिहायच्या. समोरून कोणी येताना दिसला की चक्र फिरवत नामस्मरण सुरू. नामस्मरण करणाऱ्याला कोण अडवणार?

१८६५ साली नैनसिंह काठमांडूमार्गे निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. परतताना त्सांगपो नदीच्या काठाकाठाने मानसरोवरापर्यंत आले. सुमारे १२०० मैल, जवळजवळ पंचवीस लाख पावले. पकडले गेले असते तर जीव वाचण्याची खात्री नव्हती.

त्यांच्या पावलांबद्दल सगळेच लिहितात. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची दुसरी सवय. नैनसिंहांनी आपल्या पावलांवर आंधळा विश्वास ठेवला नाही. वाटेत तीसहून अधिक ठिकाणी त्यांनी सूर्य आणि तारे पाहून अक्षांश काढले. पाणी किती तापमानाला उकळते ते बघून ठिकाणांची उंची काढली. पायांनी काढलेले अंतर आणि आकाशाने सांगितलेली जागा एकमेकांशी ताडून पाहता येत होती. चूक झाली तर ती सापडेल, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. म्हणून तर १८७७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने या शाळामास्तराला सुवर्णपदक दिले. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांचे तिकीट काढले.

याच परंपरेतले किशनसिंह १८७८ ते १८८२ अशी चार वर्षे तिबेटात फिरत होते. लुटारूंच्या भीतीने एकदा त्यांना घोड्यावर बसावे लागले. तर या पठ्ठ्याने घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाची पावले मोजायला सुरुवात केली! साधन बदलले तर मोजण्याची पद्धत बदलायला हवी, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आता पुन्हा दहा हजारांकडे येऊ. मामांना पछाडणारा हा आकडा नैनसिंहांच्या माळेतून आलेला नाही, हा निव्वळ योगायोग. तो आला जपानमधून. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झाले, व्यायामाची हवा निर्माण झाली, आणि १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचे पावलांचे यंत्र बाजारात आणले. नाव ठेवले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा, आणि तसाच जगभर रूढ झाला. कोणत्या वयाला किती पावले पुरतात याची नीट तपासणी बऱ्याच नंतर झाली. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले की, दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि साधारण ७५०० नंतर आणखी फायदा दिसेना.

मग आजचे घड्याळ नेमके मोजते तरी काय? पाऊल नव्हेच. त्याच्या पोटात सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा एक काटा असतो, तो झोकांड्या खातो. मनगट हलले की त्याचे झोके विजेच्या संकेतांत उमटतात. एका लयीत, पुन्हा पुन्हा, चालण्याच्या वेगाला शोभतील असे झोके आले की घड्याळ अनुमान करते, हा माणूस चालतो आहे. चौकात झांजेचा ठेका धरलेला हातही अगदी याच लयीत हलत होता. घड्याळ खोटे बोलले नाही, त्याचा तर्क चुकला.

मामींचेही उत्तर यातच आहे. चुकीची पावले मोजली जाऊ नयेत म्हणून बरीच घड्याळे सलग काही पावले पडल्याशिवाय मोजायला सुरुवातच करत नाहीत. चुलीपासून फडताळापर्यंत चार पावले, मग थांबणे, मग वळणे, हातात भांडे. अशी पावले निसटतात. दुकानात सामानाची गाडी ढकलताना, काठी टेकत सावकाश चालताना, डोक्यावर तुळस धरून वारीत चालतानाही आकडा कमी भरण्याची शक्यता असते. मोकळ्या हाताने, सपाट रस्त्यावर, बऱ्यापैकी वेगाने चालणाऱ्याचा हिशेब मात्र ही घड्याळे चांगला ठेवतात. म्हणजे बागेत फिरणाऱ्याची पावले जमेस आणि घरात राबणाऱ्या बाईची खर्ची! असो.

नाडीचे ठोके घड्याळ हिरव्या प्रकाशाने मोजते. त्वचेखालच्या रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांवर सात उपकरणे तपासली. सातपैकी सहांची नाडीची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. पण खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा एकालाही धड सांगता आला नाही. सर्वांत बरे निघालेले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते, आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. चूक सावळ्या त्वचेवर, जाड अंगाच्या माणसांत आणि चालताना जास्त आढळली. तेव्हा 'तीनशे कॅलरी जाळल्या' म्हणून एक जास्तीचा नेवरी खाणाऱ्यांनी जरा बेताने घ्यावे.

सप्ताह संपल्यावर एका सकाळी मी मामांना घेऊन रस्त्यावर गेलो. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत चालायचे ठरवले. मामांनी घरची जपमाळ आणली होती आणि शंभराव्या मण्याला लाल दोरा बांधला होता. मी काही सांगण्याआधीच! माळेवर १६४० पावले झाली, घड्याळात १५७२. येताना ऊन झाले म्हणून मामांनी घड्याळाच्याच हातात छत्री धरली, तर घड्याळ आणखी मागे पडले.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे चालताना माझी पावलं खातं आणि बसलो की फुकटची देतं."

"हो," मी म्हटले. "पण कुठे खातं आणि कुठे देतं ते आता तुम्हाला ठाऊक आहे."

आता मामा झांज हातात घेण्यापूर्वी घड्याळ काढून खिशात ठेवतात. दहा हजारांचा हट्टही सोडला आहे. कालच्यापेक्षा आज किती, एवढेच बघतात आणि संध्याकाळची फेरी चुकवत नाहीत. मामींचे म्हणणे असे की त्यांना घड्याळ नकोच, त्यांची पावले त्यांचे गुडघे मोजतात.

नैनसिंहांच्या हाती आपल्यापेक्षा कितीतरी साधे साधन होते. पण आपले पाऊल किती लांब आहे ते त्यांनी आधी जाणून घेतले, आणि रात्री तारे बघून दिवसाचा हिशेब तपासला. आपल्या मनगटावर यंत्र आहे, तपासणी मात्र आपण सोडून दिली आहे. तुमच्याकडे असे घड्याळ असेल तर एकदा दोन दगडांमधली पावले स्वतः मोजून बघा. माळ १०८ मण्यांची असली तरी चालेल, फक्त शंभराव्याला दोरा बांधायला विसरू नका.