काचनळीतल्या पेशी आणि शरीरातली गाठ

नारायण पेठेतली हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ सालची. तिच्या विद्यार्थिनींत कमल समर्थ होत्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. याच पुढे कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे झाल्या. कर्करोगाची गाठ स्वतःचा रक्तपुरवठा कसा उभारते, हा शोध त्यांचा नव्हे, हे आधीच नोंदवतो. पण त्या शोधाच्या तारखांशेजारी त्यांच्या कामाच्या तारखा लावून पाहण्याजोग्या आहेत.

१९४३ साली सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशीविज्ञानावर पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी.; मार्गदर्शक टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर. विषय बदलला, नजर पेशीवरच राहिली. त्यानंतर बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा.

गाय यांचे एक उपकरण जरा निरखून पाहू. संथ फिरणाऱ्या पिंपात काचनळ्या आडव्या खोचलेल्या असत. पिंप फिरे तशा नळीतल्या पेशी काही वेळ पोषक द्रवात भिजत, काही वेळ हवेत उघड्या पडत. अन्न आणि प्राणवायू पोचवण्याचे जे काम शरीरात रक्त करते, ते इथे पिंप करी. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी याच प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. लॅक्स स्वतः ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वारल्या, तेव्हा रोग शरीरभर पसरला होता. नळीतल्या पेशींना पिंपाचा आधार होता. शरीरातल्या गाठींना कशाचा?

याचे अर्धे उत्तर तेव्हा छापून झाले होते. बाल्टिमोरपासून साठेक किलोमीटरवरच्या बेथेस्डा इथे ग्लेन अल्जायर आणि हॅरॉल्ड चॉकली यांनी उंदराच्या कातडीत पारदर्शक खिडकी बसवली आणि आत रुजवलेली गाठ सूक्ष्मदर्शकातून रोज न्याहाळली. १९४५ च्या त्यांच्या निबंधानुसार गाठीभोवती तिसऱ्या दिवसापासून नव्या केशवाहिन्या फुटू लागल्या. जखमेभोवती त्यांना सहाएक दिवस लागत. यजमान शरीराकडून सतत नव्या वाहिन्या काढवून घेणे हे कर्कपेशीचे ठळक लक्षण असल्याचेही त्यांनी लिहिले. रणदिवे यांच्या कानावर हे बाल्टिमोरमध्येच गेले असेल, हा तर्क मोहात पाडतो. पण दोन गावे जवळ असणे हा पुरावा नव्हे; तर्क बाजूला ठेवलेला बरा.

मधली वर्षे कोड्यात टाकतात. गाठीतल्या वाहिन्या म्हणजे निव्वळ दाह, असे मत पुढेही बराच काळ टिकले. १९६३ साली जुडा फोकमन आणि सहकाऱ्यांनी शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या थायरॉईड ग्रंथीत गाठी वाढवल्या; त्या एक-दोन मिलिमीटरवर थांबल्या. नव्या वाहिन्या न फुटण्याशी त्याची सांगड घालून, १८ नोव्हेंबर १९७१ च्या निबंधात फोकमन यांनी सुचवले की वाहिन्या रोखल्या तर गाठही रोखता येईल.

आता प्रश्न पसरण्याचा. नव्या वाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात, त्यांतून कर्कपेशी रक्तात शिरतात. इथवर पुरावा भक्कम. पण रक्त सगळीकडे जाते, मग त्या रुजतात कुठे? लंडनच्या स्टीफन पेजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. यकृतात रोग पोचलेल्या २४१, प्लीहेत अवघ्या १७. प्लीहेलाही रक्त भरपूर मिळते, तेव्हा नुसत्या प्रवाहाने हा फरक उलगडत नाही. बी कुठेही पडले तरी जमीन मानवली तरच रुजते, हे अनुमान पेजेट यांनी केवळ जुन्या नोंदींवरून काढले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

रणदिवे यांनी मुंबईत भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, तरी त्या नळीशी थांबल्या नाहीत. उंदरांमधला स्तनाचा कर्करोग तपासताना त्यांनी आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध एकत्र धरला. पेशीइतकीच ती ज्या शरीरात वाढते ते तपासण्याची ही रीत मला फोकमनपेक्षा पेजेट यांच्या जवळची वाटते. हा अन्वयार्थ माझा. कागद तेवढे सांगत नाहीत.